पाठ फिरवून ऐकताना

दोन गिटारींचा आवाज एकसारखा नसतो, हे सांगायला जाणकार लागत नाही. फरक कशाने पडला हे सांगताना मात्र जाणकारही बिनदिक्कत ठोकून देतात. ‘महोगनी आहे ना, म्हणून कोरडी वाजते.’ ‘रोझवूड आहे, म्हणून भरदार.’ दुकानदार हे म्हणतो, वाजवणारा म्हणतो, आणि विकत घेणारा घरी जाऊन तेच ऐकवतो. ही टिपणं त्या बोलण्याची उलटतपासणी म्हणून जमत गेली.

*

तुलनेला सगळ्यात सोयीची जोडी मार्टिनची डी-१८ आणि डी-२८. मार्टिन हे नाव १८३३ पासूनचं. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेनचा कारागीर न्यूयॉर्कला आला, पुढे पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थिरावला. कंपनीचं मूळ ठाणं आजही तिथंच. या दोन मॉडेलांचा बांधा एकच. खालच्या अंगाला रुंदी १५⅝ इंच, तारेची लांबी २५.४ इंच, वर स्प्रूसचं टॉप. मुख्य फरक पाठीचा आणि कडांचा: डी-१८ ला महोगनी, डी-२८ ला रोझवूड.

आणि फरक ऐकू येतो. १८ चा सूर निघतो आणि लगेच मोकळा होतो; कॉर्ड वाजवली तरी एकेक तार वेगळी मोजता येते. २८ खाली गुरगुरते, वर चमकते आणि मधे थोडी जागा सोडते. त्या जागेत गाणाऱ्याचा गळा बसतो, असं तिचे भक्त सांगतात. मलाही तसंच ऐकू येतं. निदान कोणती कोणती आहे हे दिसत असतं तेव्हा तरी.

*

२०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फायल्ड गिटारींचे कारागीर रॉजर बकनॉल यांनी त्यासाठी सहा गिटारी बांधल्या. आकार, टॉप, आतल्या पट्ट्या, सगळं शक्य तितकं सारखं. फक्त पाठ आणि कडा सहा लाकडांच्या. ब्राझिलियन रोझवूड, इंडियन रोझवूड, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. या लाकडांच्या किमतींत केवढी तफावत आहे हे गिटार घेणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ५२ वादकांनी त्या मंद उजेडात, वेल्डिंगचे काळे गॉगल लावून वाजवल्या आणि गुण दिले.

सहाही गिटारींना जवळपास सारखेच गुण पडले. त्यांतल्या काही वादकांना पुढे दोन गिटारी ओळखून वेगळ्या काढायला सांगितलं, तेव्हाही ते सहज जमलं नाही.

या संशोधकांत क्लॉडिया फ्रिट्झ होत्या. जुनी स्ट्रॅडिव्हेरियस आणि नवी व्हायोलिनं नामवंत वादकांना डोळे झाकून वाजवायला देऊन त्यांनी आधीच बरीच खळबळ उडवली होती.

*

यावर कारागीर मंडळी म्हणतात, खरा कारागीर प्रत्येक लाकडाप्रमाणे टॉप थोडं जाड-पातळ करतो, पट्ट्या तासतो. प्रयोगात सगळं सारखं ठेवलं म्हणून फरक बुजला. हरकत रास्त आहे. पण मग श्रेय रंध्याला द्या. पाठीच्या लाकडाचे वेगळे पैसे कशाला लावता?

*

ही शंका नवी नाही. स्पेनचा आंतोनिओ दे तोर्रेस हा आजच्या क्लासिकल गिटारीचा जनक मानला जातो. त्याने १८६२ मध्ये एक गिटार बांधली: टॉप स्प्रूसचं, पाठ आणि कडा कागदाच्या पुठ्ठ्याच्या. आवाज टॉप करतं, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

कॅलिफोर्नियाच्या टेलर कंपनीने १९९५ मध्ये तेच केलं, जरा विनोदी अंगाने. कारखान्यात माल उतरवायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या घेतल्या, ओकच्या फळ्यांची पाठ केली, टॉपही तसल्याच भंगार फळ्यांचं जोडलं, खिळ्यांची भोकं लपवायच्या ऐवजी मिरवली आणि गळ्याच्या पट्टीवर फोर्कलिफ्टचं चित्र जडवलं. गिटार उत्तम वाजली. कंपनीने मग पॅलेट गिटारींची मर्यादित आवृत्ती काढली आणि ती चांगल्या दराने विकली, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

*

मग आवाज येतो कुठून? टॉपमधून. सतारवाले ज्याला तबली म्हणतात ते. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची फळी, तिच्यावर सहा तारांचा मिळून सत्तर किलोंच्या वर ताण. फळी तो ताण झेलण्याइतकी ताठ हवी आणि थरथरण्याइतकी हलकी हवी. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात, आणि गिटारीचा कारागीर जन्मभर त्यांची तडजोड करत असतो.

तडजोड होते आतल्या पट्ट्यांत. भोकातून आरसा घालून बघा. स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटारींत दोन मुख्य पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदलेल्या दिसतील. मार्टिनने १८४० च्या दशकात ही फुली वापरायला सुरुवात केली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे स्टीलच्या तारा आल्या आणि फुली त्यांनाही पुरून उरली. पूर्वी या पट्ट्या मधे कोरून पातळ करत, त्यामुळे टॉप मोकळं हले. लोक जाड तारा चढवून टॉप फुगवायला लागले तशी मार्टिनने १९४४ च्या अखेरीस ही कोरणी बंद केली. १९७६ मध्ये एचडी-२८ हे मॉडेल आणून ती परत सुरू केली.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मार्टिनला आज वेड्यासारख्या किमती येतात आणि त्याचं श्रेय ब्राझिलियन रोझवूडला जातं. पण त्याच काळातल्या महोगनीच्या डी-१८ लाही तेवढाच मोकळा आवाज आहे. दोघींत समान काय? कोरलेल्या पट्ट्या, हलका बांधा, अ‍ॅडिरोंडॅक स्प्रूसचं टॉप आणि ऐंशी-नव्वद वर्षं वाळलेलं लाकूड.

*

घरी करून बघण्यासारखं. तारा तळव्याने दाबून धरा, तोंड गिटारीच्या भोकाजवळ न्या आणि खर्जात गुणगुणत हळूहळू वर या. एका सुराला गिटार आपणहून घुमायला लागेल, मांडीला थरथर जाणवेल. आतल्या हवेचा तो स्वतःचा सूर. मोठ्या गिटारीत तो १०० हर्ट्झच्या आसपास असतो. जाड ई तार ८२ हर्ट्झची आणि तिच्यावरचा तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ चा. म्हणून ड्रेडनॉटवर, म्हणजे डी-१८, डी-२८ च्या मोठ्या अंगाच्या गिटारीवर, जी कॉर्ड लावली की खोली भरल्यासारखी वाटते. दुकानात गिटार हातात आली की निम्मे लोक पहिली कॉर्ड जीच लावतात आणि आवाजावर खूष होतात.

हा घुमारा स्टेजवर आणि ध्वनिमुद्रणात डोकेदुखी होतो. नेमकी तीच जागा रेकॉर्डिस्टला दाबावी लागते.

*

ब्लूग्रास वादक टोनी राइसची गिटार. १९३५ ची मार्टिन डी-२८, आधी क्लॅरेन्स व्हाइट या गिटारवादकाकडे होती. राइसने ती १९७५ मध्ये ५५० डॉलरला घेतली. तिचं भोक नेहमीपेक्षा मोठं. भोक मोठं केलं की आतल्या हवेचा सूर वर सरकतो, खालचा घुमारा ओसरतो आणि मधल्या तारा पुढे येतात. राइसच्या वाजवण्यात जो सुका, टोकदार स्पष्टपणा आहे त्यात या भोकाचा वाटा आहे. उरलेला सगळा त्याच्या उजव्या हाताचा. मोठ्या भोकाच्या गिटारी नंतर खूप निघाल्या. घेणाऱ्यांपैकी राइससारखं वाजवणारं कुणी निघालं नाही.

*

आकाराविषयी लोक लाकडाच्या पावपटही बोलत नाहीत. आवाज सगळ्यात जास्त तोच बदलतो.

ड्रेडनॉट हे नाव १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेचं. मार्टिनने अशी पहिली गिटार १९१६ मध्ये ऑलिव्हर डिटसन कंपनीसाठी बनवली. स्वतःच्या नावाने विकायला १९३१ उजाडलं. तोवर एवढी मोठी गिटार कुणाला हवी होती? घराच्या दिवाणखान्यात बसून वाजवणाऱ्याला छोटी पुरे. पुढे बँजो-फिडलच्या गोंगाटात आणि मायक्रोफोनसमोर गाणाऱ्यांमागे गिटारीला टिकायचं होतं, तेव्हा मोठं पोट कामाला आलं.

त्याच सुमारास उलट दिशेने मार्टिनचीच ओएम, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल, आली. १९२९, अटलांटाचा बँजोवादक पेरी बेक्टेल. बँजोवर लांब गळ्याची सवय, म्हणून त्याने मार्टिनकडे गळ्यावर जास्त मोकळे फ्रेट मागितले. तोवर अंग बाराव्या फ्रेटला सुरू व्हायचं; मार्टिनने आपल्या ट्रिपल-ओ (०००) मापाच्या गिटारीचं अंग वरून आखूड केलं आणि चौदा फ्रेट मोकळे दिले. रुंदी १५ इंच, पोट ड्रेडनॉटपेक्षा पाऊण इंच उथळ. या गिटारीत खालच्या तारा वरच्या तारांना झाकत नाहीत. बोटांनी वाजवणाऱ्याने ओएम सोडून ड्रेडनॉट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारा फ्रेटच्या जुन्या ठेवणीत ब्रिज अंगाच्या रुंद भागात मधोमध येतो, टॉपच्या सगळ्यात लवचिक जागी. तिचा आवाज गोल आणि ऊबदार. अजूनही बनतात, खपतात कमी, कारण वरच्या फ्रेटना हात पोचत नाही.

*

गिब्सन जे-४५. वर्ष १९४२, कारखाना मिशिगनमधल्या कॅलमझूत, किंमत ४५ डॉलर, नाव त्यावरून. युद्धामुळे पुरुष सैन्यात गेले आणि बाकांवर बायका आल्या. त्या वर्षांतल्या बऱ्याच गिटारी त्यांच्या हातच्या आहेत. माल मिळेल तसा वापरायचा: काहींचं टॉप महोगनीचं, काहींची पाठ मेपलची, काहींच्या गळ्यात लोखंडी सळईच नाही. आज मंडळी ‘अस्सल जे-४५ चा आवाज’ म्हणतात तेव्हा यांतली कुठली धरायची?

तरी जे-४५ ओळखू येते, हे खरं. खांदे उतरते, तारेची लांबी पावणेपंचवीस इंच. मार्टिनहून थोडी कमी, आणि त्याच तारा लावल्या तर ताण सुमारे ५ टक्क्यांनी उतरतो. बोटाला तार मऊ लागते. सूर ठोक्यासारखा येतो आणि लवकर विझतो. एकट्या गिटारीवर धून वाजवणाऱ्याला हे खटकेल. गाणाऱ्याला हेच हवं असतं, कारण गिटार त्याच्या शब्दांवर पाय देत नाही.

*

गिब्सनचीच जे-२००: रुंदी १७ इंच, पाठ मेपलची. बघून वाटतं छप्पर उडवेल. प्रत्यक्षात खालचा आवाज आवरलेला आणि कॉर्ड स्वच्छ, लयीच्या कामाची. एल्व्हिस प्रेस्लीच्या हातात तिचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत; रेव्हरंड गॅरी डेव्हिस तिच्यावर अंगठा आणि एका बोटाने काय काय करत असे, ते मात्र ऐकायला हवं.

*

ओव्हेशन, १९६६. संस्थापक चार्ल्स कामन हेलिकॉप्टर बनवणारा. पाठ लाकडाची नाहीच, फायबरग्लासचा गोल वाडगा. स्टेजवर जोडणी करून वाजवायला झकास, मांडीवरून घसरते.

*

टेलरच्या गिटारींना ‘ब्राइट’ म्हणायची पद्धत आहे. त्यातला काही भाग सेटिंगचा आहे असं मला वाटतं. कारखान्यातून तारा खाली, गळा सरळ, फ्रेट यंत्राने समान केलेले. नवशिक्याच्याही हातून प्रत्येक सूर साफ उमटतो. शेजारी टांगलेल्या गिटारीच्या तारा दोन मिलिमीटर वर असल्या की ती बिचारी ‘मंद’ ठरते.

*

१९९३ च्या एमटीव्ही अनप्लग्डमध्ये कर्ट कोबेनने वाजवली ती मार्टिन डी-१८ई, १९५९ ची. २०२० मध्ये लिलावात ती ६० लाख डॉलरच्या वर गेली. त्या वेळी कुठल्याही गिटारीसाठी तो विक्रम होता. या मॉडेलच्या टॉपवर कारखान्यातूनच पिकअप आणि नॉब बसवलेले, म्हणजे टॉपच्या हलण्यात अडथळा. शिवाय त्या रात्री गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधून गेली होती. डी-१८ चा आवाज कसा असतो हे ज्या गिटारीवरून सगळ्यात कमी कळेल, तिला सगळ्यात जास्त पैसे आले.

*

तारा. दोन गिटारींची तुलना करताना दोन्हींवर एकाच जातीच्या, एकाच वयाच्या तारा नसतील तर तुलना तारांची झाली. बाजारात ८०/२० ब्राँझ म्हणून मिळतं ते ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त; नावाला ब्राँझ, खरं म्हणजे पितळ. नवी असताना लखलखीत, आठवड्यात उतरते. फॉस्फर ब्राँझ डी’अ‍ॅडारिओने १९७४ मध्ये आणलं. ते थोडं गोल वाजतं आणि जास्त टिकतं. मुंबईच्या घामाला दोन्ही पुरत नाहीत.

मग पिक. पातळ नायलॉनचं पिक टाकून एक मिलिमीटरचं घ्या, गिटार बदलल्यासारखं वाटेल. आणि हात: ब्रिजजवळ छेडा, मग भोकावर, मग गळ्याच्या मुळाशी. एकाच गिटारीवरचा हा फरक डी-१८ आणि डी-२८ मधल्या फरकाहून मोठा आहे, हे कुणालाही पाच मिनिटांत पटेल.

*

वाजवणारा गिटारीच्या मागे असतो, आवाज पुढे जातो. म्हणजे स्वतः वाजवून घेतलेला निर्णय हा ज्या जागी श्रोता कधीच बसणार नाही तिथला निर्णय. दुकानात सोबत्याला वाजवायला लावावं आणि आपण समोर पाठ करून उभं राहावं. कुणी सोबत नसेल तर भिंतीकडे तोंड करून जवळ बसून वाजवावं. भिंत आवाज परत देते.

*

आपल्याकडे गिटार तपासताना पुष्कळजण पातळ दोन तारांवर सिनेमातल्या गाण्याची धून वाजवतात. हवाईयन गिटारचा वारसा असावा. ती वाजवणाऱ्या सुनील गांगुलींच्या रेकॉर्डींवर एक पिढी वाढली, आणि तिच्या लेखी गिटार म्हणजे गाणं वाजवायचं वाद्य. त्यात वाईट काही नाही. पण पोटाच्या आकाराचा फरक उमटतो तो खालच्या तारांत आणि पूर्ण कॉर्डमध्ये. पातळ तारांवर सगळ्या गिटारी बऱ्यापैकी सारख्याच गोड.

दुसरी सवय कानाची. मिरजेच्या कारागिराकडे आपण सतार जवारी काढायला नेतो, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून. गिटारवाला तसाच झंकार ऐकला की फ्रेट घासायला देतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला नव्या तारांची, खाली बसवलेली, किंचित झणझणणारी गिटार आवडते आणि जुन्या तारांची जे-४५ मेलेली वाटते, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

*

शिसवी झोपाळा, शिसवी देव्हारा ज्या लाकडाचा, तेच इंडियन रोझवूड. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात आवळल्यावर मार्टिनने १९६९ मध्ये डी-२८ साठी ते घेतलं. तेव्हापासूनच्या बहुतेक डी-२८ ची पाठ दक्षिण भारतातल्या शिसवीची. १९९२ मध्ये ब्राझिलियन रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या कुळालाच परवान्याची अट लागली आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

जुन्या मंडळींच्या मते शिसवी ही ब्राझिलियनची गरीब बहीण. लँकेस्टरच्या सहा गिटारींत दोघीही होत्या. काळ्या गॉगलमागून कुणाला श्रीमंती दिसली नाही.

*

पाऊस. कारखानदार गिटारीसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. मुंबईत आणि कोकण-गोव्यात जुलैत हवा ८० च्या वर. लाकूड पाणी पितं, टॉप फुगतं, ब्रिजसकट तारा वर उचलल्या जातात आणि आवाज दबतो, विशेषतः वरच्या तारांचा. उलट एप्रिलच्या दुपारी पुण्यात हवा इतकी सुकते की गळ्याचं लाकूड आकसून फ्रेटची टोकं हाताला टोचतात. टॉपला चीरही जाते. एकच गिटार जुलैत आणि जानेवारीत ऐकली तर कुणी दोन मॉडेलं समजेल. जुलैत ऐकलेल्या महोगनीची जानेवारीत ऐकलेल्या रोझवूडशी तुलना करून लोक पैजा मारतात.

पेटीत बंद ठेवणं, पावसात सिलिकाच्या पुड्या आणि साधा आर्द्रतामापक, एवढ्यावर भागतं.

*

पहिली गिटार घेणाऱ्यासाठी, मला कुणी विचारलं तर. आधी आकार ठरवा: गाण्यामागे कॉर्ड वाजवायच्या तर ड्रेडनॉट, बोटांनी वाजवायचं तर ओएमच्या मापाची. टॉप सॉलिड घ्या, पाठ आणि कडा थरांच्या प्लायच्या असल्या तरी चालतील. यामाहाची एफजी-८०० याच हिशेबाची आहे. एफ-३१० चं टॉपही प्लायचं आहे, शिकायला तरीही पुष्कळ. लाकडाच्या नावावर जे पैसे वाचतील त्यातून चांगल्या कारागिराकडून नट, सॅडल आणि गळा बसवून घ्या. खरेदी पावसात नको, दिवाळीनंतर करा. आणि दुकानात जाताना एकाच जातीच्या तारांचे दोन नवे संच नेऊन, दुकानदार परवानगी देत असेल तर, निवडलेल्या दोन गिटारींवर ते चढवूनच ऐका.